सिस्टर आजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमची आजी सरकारी नोकरीत 34 वर्षं नर्स होती. चार महिन्यांपूर्वी ती गेली. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना देण्यासाठी तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे, पण घरात कुणालाच नेमक्या तारखा सांगता येत नाहीत. सुरुवात कुठून करावी?
— नौपाडा, ठाणे

उत्तर : आठवणी नंतर, आधी कागद काढा. पेन्शनच्या फायलीतला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, सगळ्यात कामाचा. निवृत्तीची तारीख, शेवटचं पद आणि सेवेचा काळ बहुधा त्यावरच सापडतो. मग नर्सिंगचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचा कागद आणि बदल्यांचे आदेश शोधा. प्रशिक्षण लग्नाआधी झालं असेल तर हे कागद माहेरच्या नावावर असतात. सासरचं नाव दिसत नाही म्हणून 'दुसऱ्याच कुणाचं तरी दिसतंय' असं समजून रद्दीत टाकू नका.

जन्मतारीख 1 जून असेल तर जरा थांबा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ही तारीख त्या पिढीतल्या असंख्य लोकांच्या वाट्याला आलेली आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे 1 जून 1948 जन्म असलेली नर्स 58 व्या वर्षी, म्हणजे 31 मे 2006 ला निवृत्त होते. पुस्तिकेत ही तारीख 'नोंदीनुसार' म्हणून द्या. खरी हवी असेल तर आजीच्या भावंडांना तिथी किंवा सण विचारा. 'वटपौर्णिमेच्या चार दिवस आधी' एवढं जरी कळलं, तरी त्या वर्षाच्या पंचांगावरून तारीख काढता येते.

गावांच्या नावांतही घोळ होतो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला. त्याआधी जव्हार, मोखाडा, डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणून बदलीच्या आदेशावर 'जि. ठाणे' दिसलं तरी नोकरी शहरातच होती असं धरू नका. तसंच, 'नवी मुंबई महापालिकेत 1985 साली लागली' असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे, कारण ती महापालिका सुरू झाली 1 जानेवारी 1992 ला. ठाणे महापालिका 1982 ची.

राहिलेल्या जागा साथी आणि मोहिमांवरून भरा. देवीच्या रोगाचा देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण 1975 चा, पल्स पोलिओ 1995 पासून, आणि 26 जुलै 2005 चा पाऊस तर कुणीच विसरलेलं नाही. 'त्या दिवशी आजी ड्युटीवर होती का, घरी कधी आली?' असं विचारलं की मामा-मावश्यांना तारखेसकट आठवायला लागतं.

पिनेने शिवायची पुस्तिका चारच्या पटीत होते : 12, 16 किंवा 20 पानं. ए-फाइव्ह आकारात 14 पॉइंटचा टाइप घेतला तर एका पानावर साधारण 200 शब्द बसतात. 16 पानांत फोटोंना सहा पानं दिली तर मजकूर 2000 शब्दांपुरताच ठेवावा लागेल. सुनेपासून भाच्यापर्यंत प्रत्येकाचं स्वतंत्र मनोगत छापायचं ठरवलंत, तर 'मायाळू', 'कष्टाळू', 'शिस्तप्रिय' हेच तीन शब्द पानोपानी येतील. सगळ्यांचं ऐकून घ्या, पण लिहू द्या एकालाच.

प्रश्न : आजी 81 वर्षांच्या आहेत, तब्येत ठणठणीत आहे. नोकरीबद्दल विचारलं की म्हणतात, 'त्यात काय सांगायचं, ड्युटी केली.' त्यांना बोलतं कसं करावं? मोबाइलवर रेकॉर्डिंग नीट होईल का?
— नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : 'तुम्हाला कसं वाटायचं?' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि काम विचारा. नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट असायचे? ड्युटी बदलताना हँडओव्हर तोंडी व्हायचा की वहीत? राउंडला मेट्रन आधी काय बघायच्या? काचेची सिरिंज कशी उकळायची, एवढं विचारलंत तरी अर्धा तास निघेल. नळी आणि दट्ट्या सुटे करायचे. दोन्हींवर जोडीचा आकडा असायचा आणि जोडी चुकली की औषध मागून गळायचं. गार पाण्यात घालून मग तापवायचं, कारण उकळत्या पाण्यात टाकली तर काच तडकते. सुईचं टोक कापसातून ओढून बघायचं. कापसाचा धागा अडकला तर टोक वळलेलं आहे, ते दगडावर घासायचं. डिस्पोजेबल सुया आल्यावर हे सगळं गेलं. आजीसुद्धा ते आपणहून सांगणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नाही.

सलाइनचा हिशेबही विचारा. 500 मिली बाटली चार तासांत संपवायची आणि सेट 20 थेंबांना एक मिली देणारा असेल, तर 500 गुणिले 20 भागिले 240, म्हणजे मिनिटाला सुमारे 42 थेंब. हा आकडा त्या कागदावर मांडत होत्या की घड्याळाकडे बघून नळीवरचा चिमटा फिरवत होत्या, ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. हाताला काम दिलं तर आणखी उत्तम : एक पांढरी चादर द्या आणि वॉर्डातल्यासारखा कोपरा मोडायला सांगा. जुनी सहकारी सिस्टर जवळपास राहत असेल तर एक बैठक दोघींची ठेवा. एकीचं चुकलं की दुसरी लगेच 'छे गं, तो मेल मेडिकल वॉर्ड नव्हता, सर्जिकल होता' म्हणते, आणि तुमची तपासणी फुकटात होते.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका आणि घडी घातलेल्या नॅपकिनवर, आजींपासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलाची खडखड त्यात येत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, आणि कुकर लावायची वेळ टाळा. कॉलर माइक पदराला लावू नका, पदर हलला की खसखस येते. तो ब्लाउजच्या गळ्याला लावा. आधी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ऐका. बैठक 40 मिनिटांपेक्षा लांबवू नका. फाइलला तारीख आणि विषय त्याच दिवशी द्या, प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

एक पथ्य मात्र पाळा. रुग्णांची नावं, पत्ते, आजार ओळखू येतील असे छापू नका. आजींनी सांगितलं तरी नको. जळिताच्या किंवा बाळंतिणीच्या मृत्यूच्या आठवणीशी त्या थांबल्या तर पुढचा प्रश्न विचारू नका, चहा ठेवा.

प्रश्न : ट्रंकेत आजीची पांढरी साडी, टोपी, बेल्टचं बक्कल आणि बॅज सापडले. साडीवर पिवळे डाग आहेत, कडेला कसर लागली आहे. धुवावी का? बॅज चमकवावा का?
— ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : कसर लागली ती खळीमुळे. कडक खळ हे झुरळांचं आणि कसरीचं खाद्यच आहे, म्हणून जपून ठेवायच्या कपड्यातली खळ पूर्ण काढावी लागते. आधी पिना आणि हुक काढा. साडी पसरट टबात कोमट पाण्यात तासभर भिजवा, मग सौम्य साबणाच्या पाण्यातून काढा. पिळू नका, जुनं सूत पिळताना फाटतं. नीळ आणि ब्लीच नको. तीन-चार पाण्यांतून खळबळल्यावर शेवटचं पाणी वाटीत घेऊन त्यात टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका. पाणी निळं-काळं झालं तर खळ अजून आहे, आणखी एक पाणी घ्या. थेंब वाटीतच टाका, कापडावर पडला तर नवा डाग होईल. टोपीलाही हीच रीत, फक्त आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. खळ गेल्यावर तिचा आकार राहत नाही आणि घड्या कशा होत्या ते कुणाला आठवत नाही.

पिनेच्या गंजाचे डाग असतील तर ते राहू द्या. लिंबू-मीठ चोळून डाग फिका होईल, पण तिथलं सूत विरेल.

साडी सावलीत वाळवा, आणि हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. खाडीकाठच्या दमटपणात पावसाळ्यात वाळवलेलं कापड आतून ओलसर राहतं आणि बुरशी धरतं. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. वर्षातून एकदा उघडून घडी बदला, नाहीतर साडी घडीवरच चिरते. डांबरगोळ्या ठेवायच्या तर पुरचुंडीत, कापडाला न टेकवता. सोबत कापूर मात्र नको, दोन्ही एकत्र आले की पाझरून डाग पडतात.

बॅजला चिंच किंवा पितांबरी लावू नका. मुलामा आणि रंगीत मिना दोन्ही जातात. मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि साडीपासून वेगळा, कागदात ठेवा.

प्रश्न : प्रशिक्षणाच्या बॅचचा ग्रुप फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. सोडवता येईल?
— कळवा

उत्तर : घरी सोडवू नका. ओढला की चेहऱ्यांवरचा थर काचेबरोबर निघतो. काचेसकट सपाट स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्या. मोबाइलच्या मागे काळं कापड धरलं तर काचेत प्रतिबिंब पडत नाही. मग रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे, नावांचा वेगळा कागद करा. मागे इमारत दिसत असेल तर तीही कापू नका. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलची जुनी इमारत आता उभी नाही, असे फोटो इतरांनाही हवे असतात.

प्रश्न : प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची आहे. नेहमीचा मजकूर नको.
— पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : जागेचे पैसे लागतात, म्हणून विशेषणं काढा आणि काम लिहा. असं काही : 'सेवानिवृत्त परिसेविका. 1972 ते 2006. जव्हार, शहापूर, ठाणे. बदलीच्या गावी दोन मुलं घेऊन राहिली, नाइट करून सकाळी त्यांचे डबे भरले. प्रथम पुण्यस्मरण.' खाली नाव, तारीख आणि वेळ. फोटो युनिफॉर्ममधला द्या. पद मात्र पीपीओवर बघूनच छापा. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डच्या प्रमुख सिस्टर) आणि अधिसेविका (मेट्रन) ही तीन वेगळी पदं आहेत आणि जुन्या सिस्टर सगळ्यात आधी तेच वाचतात.