सावडीचा नेम

रत्नागिरीत समुपदेशनाचे काम करताना एक वाक्य मला वर्षातून तीन वेळा, ठरावीक मोसमांत ऐकू येते. जानेवारी संपता संपता, गुढीपाडवा उलटून महिना झाला की आणि पुन्हा दिवाळीच्या आसपास माणसे समोर येऊन बसतात आणि म्हणतात, "मॅडम, संकल्प केला होता, पण टिकला नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही." कोणाला वजन उतरवायचे असते, कोणाला तंबाखू सोडायची असते, कोणाला खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करायचा असतो. ध्येये निरनिराळी असली तरी स्वतःवर ओढलेले ताशेरे तेच असतात. मला या निष्कर्षाचा मनापासून राग येतो, कारण तो बहुतेक वेळा खोटा असतो. अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांची सहा वर्षे सेवा केलेली बाई जेव्हा सांगते की रोज अर्धा तास चालणे जमत नाही, म्हणजे आपण मनाने दुबळ्या आहोत, तेव्हा तिच्या मनाकडे बोट दाखवण्याआधी त्या संकल्पाची घडण तपासायला हवी, असे मला वाटते. हे पटवून देण्यासाठी मी अलीकडे एकच अनुभव सांगते. तो इथे संबंधितांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून मांडत आहे.

ज्यांचा हा अनुभव, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. आमच्याकडे शिक्षिकेला सगळा गाव बाई म्हणतो, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणते. वय ४६, गाव खाडीकाठचे, यजमान नोकरीनिमित्त मुंबईत आणि घरात वयस्क सासूबाई. तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा सांगणाऱ्या तपासणीत त्यांचा आकडा ६.१ टक्के आला होता. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आणि दुसऱ्या भेटीत, "नाही जमले," असे म्हणताना बाईंना रडू फुटले, तेव्हा त्यांनीच बाईंना माझ्याकडे पाठवले.

पहिल्या दिवशी त्यांनी एक वही आणली होती. शिक्षिकेच्या नेटक्या अक्षरात तीन संकल्प, प्रत्येकाखाली तारीख. "१ जानेवारीपासून रोज पहाटे पाचला उठून पाच किलोमीटर चालेन." हा नऊ दिवस टिकला. पाडव्याचा सहा दिवस. मध्ये कोणीतरी फोनवरच्या एका मोठ्या गटात त्यांना घेतले होते. शंभराहून जास्त माणसे, ३० दिवस, रोज १०,००० पावले आणि रात्री आकड्याचा फोटो टाकायचा. चौथ्या दिवशी बाईंचा आकडा ३,२०० होता. त्यांनी फोटो टाकला नाही आणि पाचव्या दिवशी गट सोडला. कोणी विचारलेही नाही. जाता जाता सांगते, हा १०,००० चा आकडा कोणत्या वैद्यकाने ठरवलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाचे नावच ‘दहा हजार पावलांचे मोजयंत्र’ अशा अर्थाचे होते आणि तिथून तो जगभर पसरला. खाडीकाठच्या एका शिक्षिकेने त्या आकड्यापायी स्वतःला नापास करून घ्यावे, हे मला फार लागले.

पहिल्या दोन भेटींत मी जे नेहमी करते तेच केले. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, मनाची उदासी, यांपैकी काही आड येत नाही ना, हे पाहून घेतले. "मी आळशी आहे" या वाक्याऐवजी "काल मी गेले नाही" असे म्हणून पाहायला सांगितले, कारण पहिल्या वाक्यात सगळा माणूस निकालात निघतो आणि दुसऱ्यात फक्त एक दिवस. बाईंना ते समजले, पण त्या हलल्या नाहीत. समजणे आणि उठून चालायला लागणे यांच्यात बरेच अंतर असते.

तिसरी भेट जुलैमधल्या एका शनिवारी होती. सकाळची शाळा असल्याने त्या दुपारी येणार होत्या, पण आल्या संध्याकाळी साडेपाचला. छत्री दाराशी ठेवून घाईने बसल्या. हाताच्या बोटांची पेरे पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती आणि नखांच्या कडांत चिखल होता. तो दिसू नये म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतले.

"उशीर झाला, माफ करा. आज शेजाऱ्यांची लावणी होती."

"तुमची झाली?"

"आमची दोन दिवसांत झाली. पण एकूण अकरा दिवस चालले आहे. शाळा सुटली की जायचे, मध्ये दोन दिवस रजाही टाकली. आज शेवटचे खाचर."

"अकरा दिवसांत तुमचा खाडा किती दिवस पडला?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. "खाडा कसा पडेल? सावड आहे ना. त्या सगळ्या माझ्या खाचरात उतरल्या, तर मला त्यांच्या खाचरात उतरायलाच हवे."

"कंटाळा आला नाही?"

"रोज येतो. दुसऱ्या दिवशीच कंबर धरते. पावसात ओणवे राहून तरवा लावायचा म्हणजे काय, ते करणारालाच ठाऊक."

"मग त्यासाठी इच्छाशक्ती कुठून आणलीत?"

बाई उत्तर द्यायला म्हणून तोंड उघडून थांबल्या. बाहेर पन्हाळीचे पाणी पडत होते, तेवढाच आवाज होता. मी काहीही बोलले नाही. अशा वेळी मदतीचा एक शब्दही घात करतो, हे इतक्या वर्षांत मी शिकले आहे. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पदराखालून काढून मांडीवर ठेवले, त्या सुरकुतलेल्या बोटांकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "ती लागलीच नाही."

पुढच्या दोन वर्षांत मी हे वाक्य किती जणांना सांगितले असेल, त्याची गणती नाही. जी बाई चालण्याच्या बाबतीत स्वतःला दुबळी समजत होती, तीच चालण्याच्या दसपट कष्टाचे काम सलग अकरा दिवस, कंटाळा येत असताना, न चुकता करून आली होती. बाई त्याच, बदलली होती ती कामाभोवतीची मांडणी. लावणीला सुरुवात आणि शेवट आहे. आजचे काम किती, हे खाचराच्या बांधाने ठरवून दिलेले आहे. आपण गेलो नाही तर कोणाच्या तरी डोळ्यांना आपली रिकामी जागा दिसणार आहे, आणि आज दुसऱ्याचे असले तरी उद्या आपले आहे.

माझा ओढा पहिल्यापासून कुर्ट लेविन यांच्या विचारांकडे आहे. १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक साधा प्रयोग केला. चांगल्या मांसाची टंचाई होती आणि गृहिणींनी प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड असे एरवी नाक मुरडले जाणारे भाग स्वयंपाकात वापरावेत, अशी गरज होती. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले. काही गटांना आपसांत चर्चा करू देऊन शेवटी सगळ्यांसमोर हात वर करून निर्णय घ्यायला सांगितले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी अवघ्या ३ टक्के बायकांनी ते पदार्थ केले होते, तर एकत्र निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी. माणसाला एकेकटे गाठून बदलण्यापेक्षा गटात बदलणे सोपे असते, असे लेविन यांचे मत होते. मी ते पुस्तकात वाचले होते, पण त्याचा खरा अर्थ मला त्या शनिवारी बाईंच्या बोटांकडे पाहताना उमगला.

खरे तर आपल्याकडचा मूळचा संकल्पही इतका मोघम नव्हता. पूजेला बसल्यावर गुरुजी जो संकल्प सांगतात, त्यात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, स्थळ, करणाऱ्याचे नाव, गोत्र आणि कर्म, सगळे उच्चारले जाते आणि घरच्या माणसांसमोर हातावरून पाणी सोडले जाते. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचे व्रत पाहा. किती गुरुवार, त्या दिवशी काय करायचे, उद्यापन कधी, सगळे ठरलेले असते आणि शेवटच्या गुरुवारी शेजारणी हळदीकुंकवाला येतात. आपण १ जानेवारीला जे करतो त्यात यातले काहीच उरलेले नसते. उरते ती फक्त मनातल्या मनात व्यक्त केलेली इच्छा, जिला ना शेवट आहे ना साक्षीदार.

बाईंना दुसऱ्याच दिवशी सावडीसारखा चालण्याचा गट जमवायचा होता. मी त्यांना थांबवले. पुढे गणपती होते, मग कापणी आणि झोडणी होती, दिवाळीत यजमान येणार होते. कोकणातल्या घराचे वर्ष ज्याला माहीत आहे, तो शिमगा, मे महिना आणि गणपती यांच्या तोंडावर नवा नेम सुरू करायला सांगणार नाही. मधल्या काळात जमेल तेव्हा चालायचे, डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य सांभाळायचे आणि नियम ठरवायचे, एवढेच आम्ही ठेवले.

देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पाचजणींनी सुरुवात केली. बाई, अंगणवाडी सेविका, पतपेढीत काम करणारी एक तरुण मुलगी, खानावळ चालवणाऱ्या एक वहिनी आणि शेजारच्या काकू. पाचच, कारण पाचांत एकीची जागा रिकामी राहिली तर दिसते, शंभरांत ती दिसत नाही. मुदत ४२ दिवस. वेळ संध्याकाळी साडेपाच, वाट गावाची पालखी बसते त्या सहाणेपासून जेटीपर्यंत आणि परत. ज्या दिवशी काहीच जमणार नाही, त्या दिवसासाठी दहा मिनिटांचा किमान नेम, घराच्या अंगणात केला तरी चालेल. अंगणवाडीच्या भिंतीवर दिनदर्शिका, तिच्यावर जी चालली तिने आपले आद्याक्षर लिहायचे. वजनाचा आकडा कोणी कोणाला सांगायचा नाही, हा नियम मी आग्रहाने घालून घेतला, कारण चालणे आपल्या हातात असते, वजन उतरणे तितकेसे नसते, आणि वजनाची तुलना सुरू झाली की गटातली सर्वांत जड बाई सर्वांत आधी गळते. खाड्याला दंड नाही. दंड भरला की माणसाला न येण्याची मोकळीक मिळते. त्याऐवजी लागोपाठ दोन दिवस कोणी आली नाही, तर एकीने तिच्या घरी जाऊन बसायचे, एवढेच ठरले. का आली नाहीस, हे विचारायचे नाही.

या शेवटच्या नियमाची किंमत सतराव्या दिवशी कळली. सासूबाईंना ताप भरला आणि बाईंचे दोन दिवस बुडाले. पूर्वीच्या बाई असत्या तर मोडला तो मोडलाच म्हणून त्यांनी वही मिटली असती. दुसऱ्या संध्याकाळी अंगणवाडी सेविका पडवीत येऊन बसली. बाई सुपात कुळीथ निवडत होत्या, तिनेही मूठभर पुढ्यात ओढून निवडायला घेतले. सासूबाईंची चौकशी झाली, चहा झाला, चालण्याचा विषय निघालाच नाही. उठताना ती म्हणाली, "उद्या मी आजींजवळ बसते, तुम्ही चौघी जाऊन या." तिसऱ्या दिवशी बाई गेल्या. हे मला सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. "मॅडम, खाडा पडला तरी नेम चालू राहतो, हे मला कोणी शिकवलेच नव्हते."

याला आधारही आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसागणिक ही मुदत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलू शकते, असे त्यांना आढळले, आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही. २१ दिवसांत सवय लागते, ही समजूत तर अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० सालच्या एका निरीक्षणावरून पसरली. ते निरीक्षण रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्याबद्दल होते, पहाटे उठण्याबद्दल नव्हते. म्हणून ४२ दिवसांत सवय लागेलच, असे मी कोणालाही सांगत नाही. ४२ दिवसांत शेवट दिसतो आणि शेवट दिसला की पाय उचलतो, इतकाच माझा दावा आहे. मुदत संपल्यावर आठवडाभर थांबून पुढे काय, ते पुन्हा एकत्र बसून ठरवायचे.

गट प्रत्येकाला मानवतोच असे नाही. ज्याला खोल उदासीने घेरले आहे किंवा खाण्याशी ज्याचे नाते बिघडले आहे, त्याने आधी उपचार घ्यावेत. आणि ज्या गटात खाड्यावरून टोमणे सुरू होतात, तो गट सोडण्यात काहीही कमीपणा नाही.

१ जानेवारीला बाईंचा फोन आला. शाळेत सगळे एकमेकांना यंदाचा संकल्प विचारत होते. बाई म्हणाल्या, "मी त्यांना सांगितले, आज माझा अडतिसावा दिवस आहे, मला साडेपाचला सहाणेवर पोचायचे आहे." ४२ पैकी ३६ दिवस त्या चालल्या. डॉक्टरांनी आहे तसेच चालू ठेवा म्हणून सांगितले.

आठवडाभर थांबून पाचजणी पुन्हा बसल्या, तेव्हा दुसऱ्या फेरीत काय, असा प्रश्न निघाला. पुन्हा चालणेच, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. बाई म्हणाल्या, "आता माझे खाचर झाले. पुढचे कोणाचे?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग खानावळीच्या वहिनींनी सांगितले की त्यांची शाळा नववीत सुटली होती आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. आता चालून परत आल्यावर पाचही जणी अंगणवाडीच्या सतरंजीवर चाळीस मिनिटे बसतात. बाई बीजगणित शिकवतात, पतपेढीतली मुलगी इंग्रजी घेते, काकू पुस्तक हातात धरून इतिहासाचे प्रश्न विचारतात, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वहिनींच्या नावाचे आद्याक्षर उमटते.