‘गुणवत्ता यादी’ की ‘गुणानुक्रम यादी’?

प्रवेशपरीक्षेच्या निकालानंतर लागणाऱ्या यादीला ‘गुणवत्ता यादी’ म्हणावे की ‘गुणानुक्रम यादी’, आणि ‘मेरिटची जागा’ याला मराठीत काय म्हणावे, अशी विचारणा आहे.

घोटाळा ‘गुण’ या शब्दातच आहे. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण लागत नाही पण गुण लागतो, तेथे गुण म्हणजे अंगचा स्वभाव. उत्तरपत्रिकेवर मात्र गुण म्हणजे परीक्षकाने दिलेला आकडा. ‘गुणवत्’ला ‘ता’ प्रत्यय लागून झालेली ‘गुणवत्ता’ पहिल्या अर्थाची आहे, यादी मात्र दुसऱ्या अर्थाच्या गुणांची लागते. दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहत असल्यामुळे आकडा म्हणजेच योग्यता हे कोणी सिद्ध न करताच गृहीत धरले जाते, आणि यादीत खाली राहिलेल्या मुलाच्या अंगी गुणच कमी, असे घरीदारी सहज बोलले जाते. मला हे फार अन्यायाचे वाटते.

एमएचटी-सीईटी या महाराष्ट्रातील अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची यादी तर थेट गुणांवरही लागत नाही. परीक्षा अनेक सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते, म्हणून पर्सेंटाइल काढतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातील ९० टक्के परीक्षार्थींचे गुण या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढेच त्यातून कळते. ही रांगेतली जागा झाली, आणि रांगेला ‘अनुक्रम’ हाच शब्द शोभतो.

सर्वोच्च न्यायालयानेही हा भेद केला आहे. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यातील २७ टक्के ओबीसी आरक्षण वैध ठरवताना, २० जानेवारी २०२२ च्या निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांनी म्हटले की, स्पर्धापरीक्षेतील गुणांत कुटुंब, शाळा, शिकवणी यांतून मिळालेला लाभ उतरलेला असतो, पण तो दिसत नाही. म्हणून गुणवत्ता केवळ परीक्षेतील कामगिरीपुरती मानता येत नाही.

‘मेरिटची जागा’ हा प्रयोग मला सरळ चुकीचा वाटतो. राखीव प्रवर्गांच्या याद्याही गुणानुक्रमानेच लागतात, आणि आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेवर प्रवेश घेऊ शकतो. त्यामुळे ‘राखीव’च्या समोर ‘मेरिट’ उभे करू नये. तेथे ‘खुली जागा’ असे लिहावे, आणि यादीला ‘गुणानुक्रम यादी’ म्हणावे.