गोपनीयता की खासगीपणा? आणि गुपिताच्या पोटातला गुराखी

प्रश्न असा आहे: ‘राइट टू प्रायव्हसी’ला ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हणावं की ‘खासगीपणाचा’? बातम्यांत आणि फोनच्या सेटिंगमध्ये पहिलाच शब्द दिसतो.

दुसरा म्हणा. पहिला ऐकून कान किटले आहेत. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात, ती सरकारी माहिती बाहेर न फोडण्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खालचे, सरकारने संदेश मध्येच टिपण्याबद्दलचे 2009 चे नियम काढून पाहा. त्यात काटेकोर गोपनीयता पाळायला सांगितली आहे ती सेवा पुरवणाऱ्या कंपनीला, आणि तीही या पाळतीबद्दल! पाळत झाकणारा शब्दच नागरिकाच्या हक्काला कसा चालेल? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने जो हक्क मान्य केला, त्यात शरीर, घर, स्वतःचे निर्णय सगळं येतं. लपवण्यासारखं काहीतरी असलंच पाहिजे, अशी अट त्यात नाही.

रोजच्या वापरातही फरक पडतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा उघडू शकतील असं कुलूप, मजकूर गोपनीय ठेवतं. कुणी, कुणाला, कधी, किती वेळ, ही नोंद त्याने झाकली जात नाही. रात्री दीडला डॉक्टरांना फोन, लगेच वकिलांना, मग बहिणीला वीस मिनिटं. एक अक्षर न ऐकताही घरात काय घडलं याचा अंदाज येतो. गोपनीयता शाबूत, खासगीपणा गेला.

आता खरी गंमत ‘गुपित’ या शब्दाची. ‘गुप्’ म्हणजे लपवणे, एवढ्यावर थांबणारे कोश वाचकाला अर्ध्या वाटेत सोडतात. धातुपाठ, म्हणजे पाणिनीय व्याकरणातली धातूंची यादी, स्वच्छ सांगतो: ‘गुपू रक्षणे’, म्हणजे राखणे. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात (10.85.4) सोम ‘गुपित’ आहे आणि त्याच ओळीत ‘रक्षित’ही आहे. आपण आज बोलतो तेच रूप, अर्थ मात्र राखलेला! पाणिनीय परंपरा गुप् हा मूळ धातू धरते आणि त्याला ‘आय’ जोडून ‘गोपायति’ साधते. इथे मी संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्सच्या बाजूने आहे: आधी ‘गो-पा’, गाई राखणारा, त्याच्यावरून ‘गोपायति’, आणि त्यातून मागाहून सुटा झालेला गुप्. परंपरेची उपपत्ती रूप साधते, पण गाय कुठून आली ते सांगत नाही. राखायचं म्हणून आड ठेवायचं, आड ठेवलेलं ते गुप्त, अशी ही वाट. ‘जुगुप्सा’ही याच धातूची: स्वतःला जपू पाहणं, म्हणून दूर सरणं, म्हणून किळस.

‘खासगी’ अरबी ‘खास’वरून फारसीमार्गे आला. पेशवाईत खासगी म्हणजे धन्याच्या घरचा कारभार, तो पाहणारे खासगीवाले. राज्यकर्त्याने दौलतीपासून वेगळं राखलेलं ते खासगी. तोच शब्द आज नागरिक राज्यकर्त्यापुढे धरतो, म्हणून मला तो इतका आवडतो. ‘खाजगी’ला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी तो एकदा भरभर उच्चारून पाहावा: पुढच्या घोष (म्हणजे गळ्यात कंप उठवणाऱ्या) ‘ग’मुळे ‘स’ घोष होतो आणि दंततालव्य ‘ज’कडे, ‘जवळ’मधल्या ‘ज’कडे, सरकतो. दोन्ही रूपं रूढ आहेत. मी ‘खासगी’ लिहितो, कारण त्यात ‘खास’ दिसतो.