आल्याचे गड्डे आणि सरासरीचे वितरण

प्रश्न : कोरेगाव तालुक्यातील आमच्या शेतातून मी आल्याचे 36 गड्डे काढून तोलले. सरासरी वजन 400 ग्रॅम व प्रमाण विचलन (वजने सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत त्याचे माप) 120 ग्रॅम आले. बहुतेक गड्डे लहान आणि मोजके फार मोठे असताना सरासरीचे वितरण प्रसामान्य, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे उतरणारे, घंटेच्या आकाराचे, कसे मानायचे?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : गड्ड्यांच्या वजनांचे वितरण एका बाजूला झुकलेले आहे आणि कितीही गड्डे तोलले तरी ते तसेच राहील. सरासरीचे वितरण प्रसामान्य मानण्याचा आधार असलेले केंद्रीय सीमा प्रमेय बोलते ते वेगळ्याच वितरणाविषयी. त्याच शेतातून 36 गड्ड्यांचे नमुने पुनःपुन्हा घेतले असते, तर प्रत्येक वेळी सरासरी थोडी निराळी आली असती. त्या सर्व सरासऱ्यांचे वितरण जवळपास प्रसामान्य असते. तुमच्या हाती त्यांतली एकच सरासरी आहे.

समजा, दहांतील एक गड्डा फार मोठा आहे. मग यादृच्छिक रीतीने उचललेले दोन्ही गड्डे तसेच निघण्याची संभाव्यता शंभरांत एक एवढीच उरते. छत्तीसांत तर मोठ्यांच्या जोडीला लहान येतातच, म्हणून टोकाच्या सरासऱ्या दुर्मीळ होतात. मूळ झुकाव फार तीव्र असेल तर 36 हा आकडाही अपुरा पडतो. तुमच्या आकड्यांवरून तशी भीती वाटत नाही.

120 ला 36 च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक सरासरी साधारण किती हलते त्याचे माप, 20 ग्रॅम येते, आणि तिच्या सुमारे दुपटीने 360 ते 440 ग्रॅम हा 95 टक्के विश्वास अंतराल मिळतो. शेताची खरी सरासरी ठरलेलीच आहे, नमुन्यागणिक बदलतो तो अंतराल. या रीतीने काढलेल्या शंभर अंतरालांपैकी साधारण 95 तिला सामावून घेतील. त्रुटी निम्मी करायची असेल तर मात्र 144 गड्डे तोलावे लागतील.

मला खरी काळजी वाटते ती गड्डे कोठून काढले याची, कारण पत्रात तो उल्लेख नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या पाहण्यांतून दाखवले होते की, शेतातले फार लहान तुकडे आखून कापले तर सीमेवरची झाडे आत धरली जाऊन उत्पादनाचा अंदाज फुगतो. असा एकतर्फी दोष नमुना मोठा केल्याने जात नाही. तेव्हा सऱ्यांना आणि सरीतल्या झाडांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि चिठ्ठीत निघालेला गड्डा बारका दिसला तरी तो बदलू नये.