१४ बाय ११ फुटांच्या खोलीत दोन स्पीकर नेमके कुठे ठेवावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: खोली १४ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. छोटे बुकशेल्फ स्पीकर ११ फुटी भिंतीच्या दोन कोपऱ्यांत, स्टँडवर. समोरच्या भिंतीला टेकून सोफा आणि तुमची नेहमीची जागा त्या सोफ्याच्या उजव्या टोकाला. डाव्या स्पीकरशेजारी दार. खर्ज घुमतो, गायकाचा आवाज मधोमध न येता उजवीकडून येतो. मित्र म्हणतात ॲम्प्लिफायर कमी पडतोय, मोठा घ्या.

ॲम्प्लिफायर घेऊ नका. आधी सोफा भिंतीपासून सोडवा. स्पीकर कुठे ठेवायचे याआधी कान कुठे असणार हे ठरवावं लागतं. बहुतेक जण नेमकं उलट करतात: स्पीकर इंच-इंच सरकवत राहतात आणि बसायची जागा मात्र दगडावरची रेघ समजतात.

भिंतीला टेकून बसलं की काय होतं ते सांगतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खालच्या स्वरांच्या लहरी येरझारा घालतात. लहरीची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराएवढी झाली की ती लहर खोलीत जागच्या जागी उभी राहते. तुमच्या १४ फुटांच्या लांबीत, म्हणजे सुमारे ४.२७ मीटरमध्ये, हे ४० हर्ट्झला (सेकंदाला ४० कंपनं) घडतं, मग ८०ला, मग १२०ला. अशा प्रत्येक लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो. म्हणजे तुम्ही जिथे डोकं टेकवून बसता, तिथे हे सगळेच स्वर फुगून येतात. त्यात स्पीकर कोपऱ्यात. कोपऱ्यात दोन भिंती आणि खाली जमीन, त्यामुळे तिथला स्पीकर या लहरींना पुरेपूर खतपाणी घालतो. फुगवणारा एका टोकाला, फुगलेलं ऐकणारा दुसऱ्या टोकाला. मोठा ॲम्प्लिफायर आणलात तर हेच आणखी मोठ्याने ऐकू येईल.

मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं असाच भिंतीला पाठ लावून ऐकत होतो. तबल्यातल्या डग्ग्याचा प्रत्येक ठोका मला एकसारखा 'धुम्म' असा यायचा आणि मला वाटायचं, रेकॉर्डिंगच तसं असेल. मग खोलीला रंग लावायचा म्हणून सगळं सामान मधे ओढलं. रात्री थकून खोलीच्या साधारण मध्यात ठेवलेल्या खुर्चीवर बसलो आणि तीच नेहमीची तबला-सोलोची रेकॉर्ड लावली. वादक डग्ग्यावर मनगट सरकवतो तेव्हा स्वर खालून वर चढतो ना, तो चढताना पहिल्यांदा ऐकू आला. ठोका, त्याच्या मागून सरकणारा स्वर, मग शांतता. स्पीकर तेच, तारा त्याच. फक्त माझं डोकं भिंतीपासून सहा-सात फूट पुढे आलं होतं. रंग वाळल्यावर सामान परत लावलं, पण खुर्ची भिंतीपाशी कधीच गेली नाही.

अगदी मधोमध मात्र बसू नका. लांबीच्या बरोबर मध्यावर, तुमच्याकडे ७ फुटांवर, ४० आणि १२० हर्ट्झ जवळजवळ नाहीसे होतात आणि गाणं कृश वाटतं. सुरुवातीला लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून पाहतात, कारण तिथे पहिल्या तीन लहरींपैकी कुठलीही ना पूर्ण फुगलेली असते, ना पूर्ण मेलेली. तुमच्या खोलीत हे अंतर पाठीमागच्या भिंतीपासून साधारण ५ फूट ४ इंच येतं. रोज एवढा पुढे सोफा ठेवणं शक्य नसेल तर सोफा राहू द्या आणि ऐकायच्या वेळी एक खुर्ची त्या जागी ओढा. तेही नसेल जमत तर निदान दीड-दोन फूट तरी भिंत सोडा. तेवढ्यानेही फरक पडतो.

आता स्पीकर. तुमच्या मापांनी गणित करून पाहिलं. स्पीकरचा पुढचा चेहरा स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर आणा. तुमचे कान त्याच भिंतीपासून साधारण ८ फूट ८ इंचांवर असतील, म्हणजे स्पीकरच्या रेषेपासून तुम्ही ५ फूट ८ इंच मागे. स्टिरिओसाठी दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण धरतात. त्या हिशेबाने दोन ट्वीटरमधलं (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागांमधलं) अंतर साडेसहा फुटांच्या आसपास येतं, आणि बाजूच्या भिंती प्रत्येकी सव्वादोन फुटांवर राहतात. तीन फूट मागे, सव्वादोन फूट बाजूला, आणि २४ इंची स्टँड असेल तर वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग) जमिनीपासून साधारण अडीच फूट वर. ही तीन अंतरं एकमेकांपासून वेगळी आहेत हे मुद्दाम पाहिलंय. दोन अंतरं सारखी झाली की खर्जातला एकच खड्डा दुप्पट खोल होऊ शकतो.

हा खड्डा कुठून येतो? वूफरचा खालचा स्वर फक्त पुढे जात नाही, चहूकडे पसरतो. मागे गेलेला भाग भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढे निघालेल्या स्वराला गाठतो. जाऊन-येऊनच्या अंतरात त्या स्वराची बरोबर अर्धी लहर बसत असेल तर दोन्ही एकमेकांना मारतात. चेहरा ३ फुटांवर असेल तर हे साधारण ९४ हर्ट्झला घडतं. स्पीकरची पाठ भिंतीला टेकवली तरी खोक्याच्या जाडीमुळे चेहरा एक फूट पुढेच असतो, आणि मग तोच खड्डा २८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे थेट गळ्याच्या आवाजात जाऊन पडतो. गायक 'डब्यातून गातोय' असं वाटण्यामागे पुष्कळदा हेच असतं. पुढे ओढल्यावर खर्ज कमी वाटला तर दोन-दोन इंचांनी मागे न्या. कोपऱ्याकडे मात्र नको. तुमच्या स्पीकरला पाठीमागे भोक असेल तर त्याला मोकळी जागा तशीही लागतेच.

आता उजवीकडे झुकणारा गायक. यात स्पीकरचा काहीच दोष नाही. सोफ्याच्या उजव्या टोकाला तुम्ही मध्यरेषेपासून अंदाजे दीड फूट बाजूला असणार. स्पीकर एकमेकांपासून ९ फूट आणि तुम्ही साडेबारा फूट लांब असं धरलं तर उजवा स्पीकर तुम्हाला डाव्यापेक्षा साधारण एक फुटाने जवळ पडतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, तेव्हा हा एक फूट म्हणजे ०.९ मिलिसेकंद. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दोन स्पीकरमधून तोच आवाज आला आणि एक फक्त एक मिलिसेकंदाने आधी पोचला, तर आपले कान सगळा आवाज आधी पोचलेल्या बाजूचाच मानतात. बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवून हे पूर्ण सुटत नाही, कारण आवाजाची पातळी बदलते, वेळ बदलत नाही.

मधोमध उभा गायक हा मुळात आभासच आहे, तिथे काहीही वाजत नसतं. १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलिन या इंजिनिअरने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला खुपत होतं ते हे, की पडद्यावर नट या बाजूकडून त्या बाजूला जातो, पण आवाज एकाच जागेवरून येत राहतो. दोन वाहिन्यांमधल्या बारीक फरकांवर उभा असलेला हा आभास म्हणूनच नाजूक आहे. दोन्ही स्पीकर कानापासून सारख्याच अंतरावर हवेत, आणि सारखं म्हणजे डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, मोजपट्टीने. खुर्चीच्या पाठीला डोक्याच्या उंचीवर पट्टीचं टोक धरा आणि प्रत्येक ट्वीटरपर्यंत मोजा. अर्ध्या इंचाच्या आत आलं पाहिजे. मी जमिनीवर स्टँडच्या चारही कोपऱ्यांपाशी कागदी चिकटपट्टी लावून ठेवतो. झाडताना स्टँड हलला तरी परत तिथेच येतो.

उंचीचं सोपं आहे: बसल्यावर कान आणि ट्वीटर एका पातळीत. स्टँड बुटका असेल तर स्पीकर किंचित मागे कलता करा.

तपासायला जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा, एकट्या गळ्याचं. साथीला फक्त तानपुरा असेल तर फारच छान. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच असतं, म्हणून गायक दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत एखाद्या माणसाएवढा उभा राहिला पाहिजे. भिंतभर पसरला तर काहीतरी चुकतंय. पसरलेला असेल तर स्पीकर थोडे आत वळवा. मी सुरुवात अशी करतो की दोन्ही स्पीकरच्या तोंडासमोरच्या रेषा माझ्या डोक्याच्या फूटभर मागे एकमेकींना छेदतील. बसल्या जागेवरून दोन्ही खोक्यांच्या आतल्या बाजूची जेमतेम एक फीत दिसते. वरचे स्वर टोचायला लागले तर एकेक अंश बाहेर. यात स्पीकरगणिक फरक असतो, कानावरच सोडा.

आणि हो, एक तपासणी सगळ्यांत आधी करा, कारण तिच्या अभावी माझे काही आठवडे फुकट गेले आहेत. दोन्ही स्पीकरच्या मागे लाल तार लालला आणि काळी काळ्याला आहे ना? एका बाजूची तार उलटी लागली तर एक वूफर बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. खर्ज गळून पडतो आणि गायक कुठेच सापडत नाही, डोक्याभोवती धूर पसरावा तसा पसरतो. अशा अवस्थेत स्पीकर कितीही सरकवलेत तरी हाती काही लागणार नाही.

बाजूच्या भिंतींसाठी आरसा घ्या. तुम्ही खुर्चीत बसा आणि घरातल्या कुणालातरी ट्वीटरच्या उंचीवर आरसा भिंतीला चपटा धरून सरकवायला सांगा. जिथे आरशात तुम्हाला स्पीकर दिसेल, तिथूनच आवाजाचा पहिला परतावा तुमच्या कानावर येतो. ती जागा उघडी, गुळगुळीत असेल तर तिथे पुस्तकांची भरलेली मांडणी, जाड पडदा किंवा खनिज लोकर भरलेली चार इंची चौकट ठेवा. एक-दीड इंची फोम फक्त वरचे स्वर पितो, खोली मंद वाटायला लागते आणि घुमणं तसंच राहतं. अंड्यांचे कागदी ट्रे तर खर्जाला अजिबात अडवत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी पुरते. मधे काचेचा टीपॉय असेल तर ऐकताना बाजूला करा.

टोन कंट्रोल किंवा मोबाइलमधल्या इक्वलायझरचा मोह सगळ्यांत शेवटी. फुगलेला स्वर त्याने खाली आणता येतो, पण दोन लहरींनी एकमेकींना मारून पाडलेला खड्डा भरता येत नाही. तिथे जितकं घालाल तितकंच परत मारलं जातं, फक्त वूफरवर ताण येतो. खड्डा जागा बदलूनच जातो. मायक्रोफोन आणि लॅपटॉप असेल तर 'रूम ईक्यू विझर' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात हे डोळ्यांना दिसतं. नसला तरी अडत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा: आधी खुर्ची, दोन दिवस ऐका, मग स्पीकरचं मागच्या भिंतीपासूनचं अंतर, मग दोन स्पीकरमधलं, वळवणं अखेरीस. दर वेळी तीच दोन-तीन गाणी, आवाजाची पातळीही तीच. मोठ्याने लावलेलं कानाला आपोआप चांगलं वाटतं, त्यात फसगत होते.

तुमच्या डाव्या स्पीकरशेजारी दार आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून दोन्ही बाजू सारख्या नाहीत. दार उघडं असताना तिकडचा खर्ज बाहेर पळतो आणि उजवीकडचा भिंतीपाशी साठतो. सगळं जागेवर बसवल्यावर तेच मोनो गाणं एकदा दार लावून आणि एकदा उघडं ठेवून ऐका. गायक जागचा हलला तर किती आणि कुठल्या बाजूला, ते खाली लिहा. मग उजवा स्पीकर भिंतीपासून किती सोडायचा ते सांगतो.