जुनी होडी पाण्यात सोडताना

आजोबांची लाकडी होडी वर्षभर कोरडी पडून होती म्हणतोस, तर पहिल्या दिवशी ती गळणारच. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे मिटत जातात. दोन दिवस काठालाच बांधून ठेव, पाणी उपसत राहा. सुक्या फटींत कापूस मात्र ठासून भरू नकोस. मी भरला होता; फळ्या फुगल्या आणि त्यांना आतून धरून ठेवणारी होडीची एक फासळी तडकली. वडील आठवडाभर बोलले नाहीत!

कॅनव्हासचा तुकडा, ग्रीस, तांब्याचे बारीक खिळे जवळ ठेव. एकदा भर पाण्यात फळी फुटली तेव्हा ग्रीस माखलेला कॅनव्हास भोकावर दाबून, वर बिस्किटाच्या डब्याचा पत्रा ठोकून आम्ही परतलो होतो. तो पत्रा पुढे दोन वर्षं तसाच राहिला, हे काही शहाणपण नव्हे. उपसायला बादलीही ने, पंप ऐनवेळी रुसतो.