पोरीला आकड्यावर शंका आलीय, येऊ द्या

काका नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मुलगी झूऑलॉजीत एमएस्सी करतेय, प्रोजेक्टला पुण्याला गेलीय, तिथं झेब्राफिशचे (प्रयोगशाळेत पाळतात तो छोटा मासा) भ्रूण जांभळे रंगवून त्यांचे फोटो मोजत बसते, आणि आता रडकुंडीला येऊन म्हणते माझे आकडेच खोटे आहेत, तर हे सोडून बीएडला घालू का.

तुमचं आयुष्य सोलापुरात अक्कलकोट रोडला सूत रंगवण्यात गेलंय, तुम्हाला तिचा घोळ माझ्याआधी कळेल. जीन चालू आहे का बंद हे डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्या जीनच्या आरएनएला (जीन चालू असला की त्याची जी नक्कल निघते ती) चिकटणारा तुकडा, म्हणजे प्रोब, टाकतात, प्रोबला अँटीबॉडी, अँटीबॉडीला एन्झाइम, आणि ते एन्झाइम जांभळा रंग तयार करतं. जास्त वेळ ठेवलं की जास्त गडद, आणि एका हद्दीनंतर आरएनए दुप्पट असला तरी रंग काय दुप्पट होत नाही. दोन लॉट वेगळ्या दिवशी काढले की शेड जुळत नाही, व्यापारी माल परत पाठवतो, अगदी तेच.

तिला म्हणावं कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेले, प्रयोग न केलेले) आणि प्रयोगाचे भ्रूण एकत्र रंगव, एकाच वेळी थांबव, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर ऑटोवर ठेवू नको, फिजीत (सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं) मोजताना न रंगलेल्या भागाचा आकडा वजा कर, आणि फाइलची नावं मैत्रिणीकडून बदलून घे म्हणजे कुठला फोटो कुठल्या ग्रुपचा ते मोजताना कळणार नाही. एवढं करूनही कमी का जास्त इतकंच सांगता येतं. किती पट ते पाहिजे असेल तर क्यूपीसीआर, म्हणजे आरएनए मोजायची दुसरी चाचणी, पण त्यात भ्रूण कुटून आरएनए काढतात, मग जीन डोळ्यात चालू होता का शेपटीत ते कळायचं गेलं.

बीएड वाईट नाही हो, पण घाबरून नको. आकड्यावर शंका घेणारी पोरं मला फार कमी भेटतात. तिनं आर किंवा पायथन (आकडेमोडीच्या कॉम्प्युटर भाषा) आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं करावं, सीएसआयआर नेट परीक्षा द्यावी, त्यातून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. झेब्राफिशवर काम पुण्यात आघारकर, मुंबईत टीआयएफआर, हैदराबादला सीसीएमबी या संशोधन संस्थांत चालतं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात हे मात्र आत्ताच धरून चाला, लग्नाचा विषय त्यात आणू नका.

पुढच्या वेळी हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी आली की तिला डाइंगवर न्या आणि तुमचं शेड कार्ड दाखवा.